भग्नावशेषांची किंमत कोणी मोजायची?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान जमीन सोडल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या दिवशी एका इमारतीच्या गच्चीवर उड्डाणाचे एक नोंदयंत्र सापडले आणि १६ जूनला ढिगाऱ्यातून दुसरे हाती आले. त्यांपैकी एक इतके जळाले होते की, नेहमीच्या पद्धतीने त्यातून काहीही काढता आले नाही. दुसऱ्यातून ४९ तासांच्या नोंदी आणि वैमानिक-कक्षातील दोन तासांचे ध्वनिमुद्रण मिळाले. त्याच्या आधारे १२ जुलैला प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. दोन्ही इंजिनांच्या इंधनपुरवठ्याचे खटके उड्डाणानंतर काही क्षणांतच एकापाठोपाठ ‘चालू’वरून ‘बंद’वर गेले; एका वैमानिकाने दुसऱ्याला याविषयी विचारले आणि दुसऱ्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितले, असे त्यात नमूद होते. विचारणारा कोण व नाकारणारा कोण, हे अहवालाने सांगितले नव्हते. तरीही या मोजक्या पानांच्या आधारे देशोदेशीच्या अनेक पत्रपंडितांनी चार दिवसांत निकाल देऊन टाकला.

ही घाई मनुष्यस्वभावाला धरून आहे. मृतांच्या आप्तांना उत्तर हवे असते, कंपनीला विमाने उडवायची असतात, सरकारला विधिमंडळात उभे राहायचे असते आणि वृत्तपत्रांना मथळा हवा असतो. या सर्वांच्या मानाने ढिगारा उपसणे, तुकड्यांना क्रमांक देणे, प्रत्येक तडा भिंगाखाली पाहणे, ही कामे फार संथ आणि फार खर्चिक. विम्याच्या वहीत कोसळलेल्या विमानाचे मूल्य भंगाराइतकेच उरते. मग या भंगारासाठी समुद्राचा तळ ढवळण्यात आणि वर्षानुवर्षे तंत्रज्ञ गुंतवण्यात पैसा का ओतावा, हा प्रश्न हिशेबी माणसाने विचारला तर त्यात गैर काही नाही. मात्र त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे.

जेट प्रवासाच्या आरंभीच ब्रिटनने हा हिशेब एकदा करून पाहिला. त्या कथेचा एक आरंभ भारताच्या भूमीवर झाला, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. ‘कॉमेट’ या जगातील पहिल्या जेट प्रवासी विमानाची सेवा २ मे १९५२ रोजी सुरू झाली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले एक कॉमेट वादळात सापडले आणि काही मिनिटांतच आकाशात मोडून पडले. आतील ४३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. भारत सरकारने चौकशी न्यायालय नेमले. बंगालमध्ये गोळा केलेले अवशेष इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील संशोधन संस्थेत जुळवून पाहण्यात आले. मोडतोडीचा आरंभ शेपटीकडच्या भागात झाला असे दिसले आणि वादळाचा तडाखा किंवा वादळात वैमानिकाने विमानावर दिलेला जादा ताण हे कारण मानले गेले. वादळ होते हे सर्वांनाच ठाऊक होते. समोर दिसणारे कारण पुरेसे वाटले की माणूस पुढे शोधत नाही.

१० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेले दुसरे एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ३५ माणसे गेली. त्या दिवशी वादळ नव्हते. ब्रिटिश कंपनीने आपली कॉमेट विमाने स्वतःहून जमिनीवर उतरवली आणि आरमाराने समुद्राचा तळ धुंडाळायला घेतला. पण उभ्या असलेल्या विमानाचा प्रत्येक दिवस तोट्याचा असतो. शिवाय कॉमेट ही ब्रिटनची प्रतिष्ठा होती. अमेरिकेच्या आधी जेट विमान आकाशात नेल्याचा अभिमान त्यात गुंतला होता. तज्ज्ञांनी संभाव्य दोषांचा अंदाज बांधला, त्यानुसार विमानांत पन्नासाहून अधिक दुरुस्त्या झाल्या आणि २३ मार्च १९५४ रोजी उड्डाणे पुन्हा सुरू झाली. बहुतेक अवशेष तेव्हाही समुद्रातच होते. पुढे सोळा दिवसांनी, ८ एप्रिलला, रोमहून कैरोकडे जाणारे तिसरे कॉमेट नेपल्सजवळ कोसळले आणि त्यात २१ माणसे मेली. तेथील पाणी इतके खोल होते की, ते विमान वर काढण्याचा विचारच सोडून द्यावा लागला.

या एकवीस जणांचा मृत्यू कोणत्या खात्यावर मांडायचा? जानेवारीच्या अपघाताला निदान अज्ञानाची सबब होती. एप्रिलच्या अपघाताला तीही नाही. पुरावा समुद्राच्या तळाशी आहे हे माहीत होते, तो वर काढण्याचे काम चालू होते, फक्त तो हाती येईपर्यंत थांबण्याची किंमत द्यायची कोणाची तयारी नव्हती.

त्यानंतर मात्र ब्रिटनने केलेले काम आदर्श म्हणावे असे होते. या कोड्याच्या उलगड्यासाठी पैसा आणि मनुष्यबळ यांचा विचार करायचा नाही, अशी भूमिका पंतप्रधान चर्चिल यांनी घेतली. फार्नबरोला अर्नॉल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली एक अख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत बसवण्यात आले. विमान उंच गेले की आतल्या हवेच्या दाबाने त्याची काया किंचित फुगते आणि खाली आले की पूर्ववत होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसे या फुगण्या-आकसण्याने धातूचे काय होते, हे त्यांना पाहायचे होते. विमानात पाणी दाबाने भरायचे व काढायचे, हा क्रम अहोरात्र चालला. प्रत्यक्षातली १,२२१ आणि टाकीतली १,८३६ मिळून ३,०५७ उड्डाणे झाली, तेव्हा जूनमध्ये विमानाची काया फाटली. फाटण्याचा आरंभ पत्र्यात कापलेल्या चौकटीच्या कोपऱ्याशी झाला होता. एल्बाच्या समुद्रातून वर आलेल्या छताच्या तुकड्यावर तशाच एका कोपऱ्यात धातूच्या थकव्याची खूण सापडली. त्या विमानाने १,२९० उड्डाणे केली होती. टाकीतला प्रयोग आणि समुद्रातला तुकडा यांची साक्ष जुळली, तेव्हाच अनुमानाचा सिद्धान्त झाला. वर्षअखेर लॉर्ड कोहेन यांच्यापुढे उघड चौकशी झाली आणि १९५५ च्या फेब्रुवारीत अहवाल प्रसिद्ध झाला.

या साऱ्याचा लाभ कोणाला झाला? सुधारलेले कॉमेट ४ ऑक्टोबर १९५८ रोजी अटलांटिक ओलांडून गेले खरे, पण त्याच महिन्यात अमेरिकेचे बोइंग ७०७ त्या मार्गावर उतरले आणि बाजारपेठ त्याने जिंकली. धातूचा थकवा म्हणजे काय, हे बोइंगला ब्रिटनच्या खर्चाने, ब्रिटनच्या अहवालातून समजले होते. एअर इंडियाने १९६० मध्ये जेट सेवा सुरू केली, ती बोइंगनेच. भारतीय प्रवासी ज्या ज्ञानाच्या बळावर निर्धास्त बसला, त्याची एक पैसुद्धा त्याच्या तिकिटातून वसूल झाली नव्हती.

दीपगृहाचा न्याय

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृह सांगतात. त्याचा प्रकाश एका जहाजाने पाहिल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि पैसे न देणाऱ्या जहाजाला तो नाकारताही येत नाही. म्हणूनच केवळ नफ्यासाठी दीपगृह बांधायला सहसा कोणी पुढे येत नाही. (प्रत्यक्षात इंग्लंडच्या इतिहासात खाजगी दीपगृहे होती आणि त्यावरून अर्थशास्त्रज्ञांत वादही झाले, पण बंदरात कर वसूल करण्याचा राजाधिकार मिळाल्याशिवाय तीही उभी राहिली नाहीत.) अपघाताच्या अवशेषांतून निघणारे ज्ञान तंतोतंत याच जातीचे आहे. खर्च एका देशाला किंवा कंपनीला होतो, लाभ जगातील प्रत्येक प्रवाशाला मिळतो. अशी वस्तू बाजारावर सोडली तर ती गरजेपेक्षा फार कमी निर्माण होते, हे शास्त्र सांगते आणि अनुभवही तोच आहे.

१ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे विमान २२८ जणांसह अटलांटिकमध्ये नाहीसे झाले. पाण्याखालून संकेत देणारी त्याची यंत्रे तीस दिवसांत मुकी झाली. दोन वर्षांत शोधाच्या चार मोहिमा झाल्या आणि एप्रिल २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवर अवशेष दिसले. पुढील महिन्याच्या आरंभी नोंदयंत्रे वर आली आणि कळले ते असे: वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ जमले, स्वयंचलित यंत्रणा सुटली आणि गोंधळलेल्या वैमानिकांनी विमानाचे नाक वर ठेवत ते समुद्रात जाऊ दिले. विमान उत्तम स्थितीत असताना! अशा परिस्थितीत वैमानिकाने काय करावे याचे शिक्षण त्यानंतर जगभर बदलले. संकेतयंत्रे तीसऐवजी नव्वद दिवस चालली पाहिजेत असा नियम झाला. परंतु शेवटच्या मोहिमांच्या खर्चाचा मोठा वाटा विमान बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांनीच उचलला होता, आणि त्याच कंपन्यांविरुद्ध फ्रान्समध्ये फौजदारी तपास सुरू होता. तपास संस्थेच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ज्याची परीक्षा व्हायची त्याच्या पैशावर परीक्षा चालावी, ही व्यवस्था सुदैवावर विसंबणारी आहे.

८ मार्च २०१४ रोजी २३९ जणांसह हरवलेल्या मलेशियन विमानासाठी ऑस्ट्रेलिया, मलेशिया व चीन यांनी मिळून हिंदी महासागराचा १ लाख २० हजार चौरस किलोमीटर तळ धुंडाळला. सुमारे २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबवण्यात आला. २०१८ मध्ये एका खाजगी कंपनीशी ‘सापडले तरच पैसे’ या बोलीवर करार झाला. तेव्हाही काही सापडले नाही. ही बोली सरकारी तिजोरीच्या दृष्टीने सोयीची आहे, पण तिच्यात एक गोम आहे. सापडण्याची शक्यता जितकी कमी तितका तिला कंत्राटदार मिळणे दुरापास्त. म्हणजे सर्वांत अवघड शोध, ज्यातून सर्वांत अनपेक्षित ज्ञान निघण्याचा संभव, तोच होणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक आंतरराष्ट्रीय तिकिटामागे अल्पशी रक्कम आकारून एक सामाईक निधी उभारणे अधिक न्याय्य ठरेल. दीपगृहाचा कर बंदरात शिरणारे प्रत्येक जहाज देत असे, तोच हा न्याय.

अवशेष जपण्याचाही प्रश्न आहे, आणि या बाबतीत अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने सतरा वर्षांच्या अंतराने दोन अगदी निराळे मार्ग पत्करले. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. उजव्या अग्निबाणाच्या सांध्यातून ज्वाळा निसटल्याचे चित्रफितीवर दिसले होते आणि समुद्रातून काढलेल्या जळक्या तुकड्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. चौकशी संपल्यावर अवशेष वापरातून गेलेल्या क्षेपणास्त्रांच्या भूमिगत विहिरींत ठेवून वर झाकण बसवण्यात आले. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात फुटले. मृत सात जणांत कर्नालची कल्पना चावला होती. या वेळी पंचवीस हजारांहून अधिक लोक रानावनांतून आणि शेतांतून खांद्याला खांदा लावून चालले. या शोधात हेलिकॉप्टर पडून दोघांचा बळी गेला. सुमारे ८४ हजार तुकडे मिळाले, तरी ते यानाच्या वजनाच्या ३८ टक्क्यांच्या आसपासच होते. केनेडी केंद्रातील एका इमारतीत जमिनीवर चौकटी आखून त्यांत तुकडे जागच्या जागी मांडले गेले. डाव्या पंखाच्या पुढील कडेची कोणती पट्टी आधी गेली, हे वितळलेल्या धातूचे ओघळ कोणत्या दिशेला गेले आहेत यावरून वाचता आले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरून सुटलेल्या पाऊण किलोच्या फेसाच्या तुकड्याने तिथे भगदाड पाडले होते.

पण चौकशी मंडळ तेवढ्यावर थांबले नाही. फेस पूर्वीही पडत असे, अनर्थ झाला नव्हता म्हणून तो नेहमीचाच मानला गेला, आणि यान अंतराळात असताना पंखाची छायाचित्रे घेण्याची अभियंत्यांची विनंती वरिष्ठांनी मानली नाही. संस्थेची ही कार्यसंस्कृती फेसाइतकीच जबाबदार आहे, असे मंडळाने ऑगस्ट २००३ मध्ये स्पष्ट लिहिले. सरकारी संस्थेविषयी असे सरकारी कागदावर छापून यावे, याचे भारतीय वाचकाला आश्चर्य वाटले तर नवल नाही. आणि या वेळी अवशेष पुरले नाहीत. ते संशोधकांना अभ्यासासाठी उपलब्ध राहिले.

आपल्याकडची व्यवस्था

भारताला या कामाचा अनुभव नाही असे नव्हे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्यू पावले. घातपाताची वदंता लगेच उठली. पाणी उथळ होते, अवशेष मिळाले, त्यांत स्फोटाची खूण नव्हती. विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले आणि अंधारात कॅप्टनचा दिशाभ्रम झाला, असे निष्पन्न झाले. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ ‘कनिष्क’ कोसळून ३२९ जण मारले गेले, तेव्हा पाणी सुमारे दोन किलोमीटर खोल होते. तरीही यांत्रिक पाणबुड्याने तीन आठवड्यांच्या आत दोन्ही नोंदयंत्रे वर आणली. त्यांच्या विश्लेषणात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग होता, आणि न्यायमूर्ती कृपाल यांनी बॉम्बस्फोटाचा निष्कर्ष काढला. अवशेष समुद्रातच राहते तर यांत्रिक बिघाड की घातपात, हा वाद आजही चालू असता. याउलट २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावर आदळलेल्या ‘कांचनगंगा’चे बरेचसे अवशेष हिमनदीने गिळले. डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेलेल्या त्या अपघाताची फ्रेंच चौकशी झाली, कारणही सांगितले गेले. तरी नोंदयंत्र कधी मिळाले नाही आणि कटाच्या कथा साठ वर्षे पसरत राहिल्या. हिमनदी आजही अधूनमधून वर्तमानपत्रे, पत्रे, धातूचे तुकडे बाहेर टाकते.

तेव्हा कौशल्याची उणीव हे मुख्य दुखणे नाही. दुखणे व्यवस्थेचे आहे. भारतातील विमान अपघात अन्वेषण विभाग २०१२ मध्ये स्थापन झाला, आणि तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन आहे. विमानांना व वैमानिकांना परवाने देणारे, विमानतळांवर देखरेख करणारे महासंचालनालयही त्याच मंत्रालयाचे. अपघातात देखरेखीचाच दोष असेल तर तो दाखवायचा कोणी? २०२२ च्या जानेवारीपर्यंत तर एअर इंडियाची मालकीही सरकारकडे होती. अमेरिकेने आपले वाहतूक सुरक्षा मंडळ १९७५ मध्ये वाहतूक खात्यापासून पूर्णपणे अलग केले, ते याच कारणासाठी.

विशेष म्हणजे हे तत्त्व भारताला नवे नाही. रेल्वे अपघातांची चौकशी करणारे निरीक्षक १९४१ मध्ये रेल्वे बोर्डापासून तोडून टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आले. आज रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करतात. ज्याने गाडी चालवली त्याने अपघाताची चौकशी करू नये, हे ब्रिटिश राजवटीला पटले होते, आणि स्वतंत्र भारताने ते चालू ठेवले. मग रेल्वेसाठी जो विवेक दाखवला तो विमानांसाठी का नसावा? रेल्वेचा न्याय विमान मंत्रालयाच्या छपराखाली नांदतो आणि विमानाचा न्यायही त्याच छपराखाली, हा विनोद कोणी लक्षात घेत नाही.

विमानाच्या मूठभर प्रवाशांसाठी एवढा आटापिटा कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. पण या आकड्याचा अर्थ उलटा लावायला हवा. रस्त्यावर बस उलटली की पहिले काम क्रेन आणून वाहतूक मोकळी करण्याचे असते. पंचनाम्यात चालकाचा भरधाव वेग लिहिला जातो, गाडीचा सांगाडा मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात गंजतो आणि शेवटी भंगारवाल्याकडे जातो. ब्रेक कसा तुटला, दरवाजा का उघडला नाही, वळणाचा उतार चुकीचा होता काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विमानप्रवास सुरक्षित झाला तो प्रत्येक सांगाड्याला हे प्रश्न विचारल्यामुळे. तेव्हा विमानावरचा खर्च कमी करण्यापेक्षा ती सवय महामार्गावर नेणे हेच शहाणपणाचे.

आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा चौकशीचा हेतू अपघात टाळणे एवढाच असतो, दोष ठरवणे नव्हे. परंतु निष्कर्षावर भरपाईचा पैसा अवलंबून असतो, हे व्यवहार जाणणाऱ्या कोणालाही कळते. कंपनीला यंत्र सदोष निघालेले परवडते, निर्मात्याला वैमानिक चुकलेला परवडतो आणि मंत्रालयाला या दोहोंपैकी कोणीही चालते. मृत वैमानिकाच्या बाजूने बोलायला फक्त त्याचे घरचे लोक आणि तो ढिगारा उरतो. म्हणून अहमदाबादेच्या चौकशीत काय निघाले याइतकेच, ते कोणत्या पुराव्यावरून निघाले हेही जनतेपुढे आले पाहिजे. कोणते भाग तपासले, कोणत्या प्रयोगशाळेत तपासले, त्या वेळी निर्मात्याचे प्रतिनिधी हजर होते की नाही, तपासकांत मतभेद होते काय, याची नोंद अहवालात असावी. अन्वेषण विभाग मंत्रालयातून काढून थेट संसदेला जबाबदार करावा, आणि त्याच्या प्रत्येक शिफारशीचे पुढे काय झाले याचा तक्ता महासंचालनालयाने दरवर्षी दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा. अवशेष तर किमान सर्व दावे निकालात निघेपर्यंत मोडीत काढले जाऊ नयेत. न्यूयॉर्कजवळ १९९६ मध्ये स्फोट होऊन पडलेले जंबो जेट अमेरिकेने समुद्रातून ९५ टक्क्यांहून अधिक वर काढले, त्याचा बराच मोठा भाग पुन्हा उभा केला आणि २०२१ पर्यंत तपासकांच्या शिक्षणासाठी वापरला. इंधनाच्या टाकीतील स्फोट टाळण्याचा नियम त्या अपघातातून निघाला, पण तोही बारा वर्षांनी, २००८ मध्ये, कंपन्यांनी खर्चाचे आकडे पुढे करून बरीच खळखळ केल्यानंतर.